सामाईक ड्रेनेज चोकअप झालं, खर्च कोणी करायचा?

"आमचं पाणी तर नीट जातंय, मग आम्ही का पैसे द्यायचे?"

सामाईक लाइन तुंबली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याचं पाणी खरंच जात असतं. पण ते जातं ते खालच्या घराच्या नहाणीत. वरच्या घरांचं पाणी उताराने येतं, पुढची वाट बंद असते, मग सगळ्यात खालच्या पातळीवर जे तोंड सापडेल तिथून ते वर येतं. ज्याच्या बाथरूममध्ये घाण साचली त्याच्याच घरात बिघाड आहे असं सगळे धरून चालतात, आणि बिचारा आधी घर धुतो, मग प्लंबरचे पैसेही एकटाच भरतो. हे मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी एका महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात कनिष्ठ अभियंता होते. आता निवृत्त आहे, नाशिकला रो-हाउसच्या वसाहतीत राहते. आजूबाजूला कुठे लाइन तुंबली की "काकू, जरा येऊन बघता का?" अशी हाक येते. मी गेले की पहिली गोष्ट हीच सांगते: चेंबर, म्हणजे लाइनवरचा झाकणाचा हौद, उघडल्याशिवाय पैशाचं बोलू नका. दोन चेंबरच्या मधला पाइपाचा कोणता तुकडा तुंबलाय ते कळलं की खर्च कोणाचा हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. भांडणं होतात ती तुकडा न शोधता माणूस शोधायला निघाल्यामुळे.

तुकडा शोधायचा कसा

सोबत एक धडधाकट माणूस, पहार आणि टॉर्च घ्या. झाकण उचललं की लगेच वाकून आत डोकावू नका. दहा-पंधरा मिनिटं उघडं राहू द्या, जवळपास काडी किंवा बिडी पेटवू देऊ नका, मुलांना लांब ठेवा. आत साचलेला वायू विषारी असतो आणि पेटूही शकतो.

सुरुवात खालून करायची, म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या शेवटच्या चेंबरपासून. ते कोरडं असेल, किंवा तळाच्या नाळीतून थोडं पाणी शांतपणे वाहत असेल, तर त्याच्या वरचं उघडा. मग त्याच्या वरचं. असं जाता जाता जे पहिलं काठोकाठ भरलेलं चेंबर लागेल, चोकअप त्याच्या आणि त्याच्या लगेच खालच्या कोरड्या चेंबरच्या मधे आहे. त्यापेक्षा वरची सगळी चेंबरं भरलेली दिसतील, पण त्यांच्यात बिघाड नाही, ती फक्त तुंबून राहिली आहेत.

तुमच्या हद्दीतलं शेवटचं चेंबरही भरलेलं असेल तर रस्त्यातल्या मेन चेंबरकडे बघायचं. ते स्वतः उघडू नका. ते तुडुंब भरलेलं असलं की झाकणाच्या कडेने पाणी रस्त्यावर येतंच, नाहीतर वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन उघडून दाखवतो. रस्त्याखालची मेन लाइन भरलेली असेल तर ते काम महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं, कोणीही शेजारी एक रुपया देऊ नये. तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि सगळ्या घरांनी वेगवेगळी नोंदवा. मुंबईत १९१६ हा महापालिकेचा क्रमांक आहे, बाकी शहरांत वॉर्ड ऑफिस किंवा महापालिकेचं ॲप. मेन मोकळी वाहत असेल आणि तुमचं शेवटचं चेंबर भरलेलं असेल, तर अडथळा जोडणीच्या तुकड्यात, म्हणजे कुंपण ते मेन या भागात. ही जोडणी घरमालकांनी आपल्या खर्चाने घेतलेली असते, तिची देखभालही सहसा त्यांच्याकडेच धरली जाते. पण ती रस्त्याखाली असल्यामुळे परवानगीशिवाय खोदता येत नाही. वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच मागा.

आता खरी अडचण. रो-हाउसमध्ये सामाईक लाइन बहुतेक मागच्या मोकळ्या जागेतून गेलेली असते, आणि त्याच जागेत पुढे कोणी स्वयंपाकघर वाढवतं, कोणी मोरी बांधतं, कोणी चेंबरवर सरळ टाइल बसवतं. मग कागदावर सहा चेंबरं आणि डोळ्यांना दिसतात तीन. अशा वेळी फरशीवर नाण्याने ठोकत जा. भरीव जागेचा आवाज बद्द येतो, चेंबरवर आला की पोकळ घुमतो. कोणाचं पाणी कुठे मिळतं याबद्दल शंका असेल तर नीळ वापरा. बादलीभर पाण्यात नीळ कालवून वरच्या घराच्या संडासात ओतायची आणि खालच्या चेंबरपाशी एकाने उभं राहायचं. पाणी निळं आलं की वाद मिटला. ही परीक्षा लाइन वाहती असतानाच होते, म्हणून चोकअप निघाल्यावर लगेच सगळ्यांसमोर करून घ्या. "आमची लाइन वेगळी आहे" असं ठामपणे सांगणाऱ्या घराचं निळं पाणी सामाईक चेंबरमध्ये येताना मी पाहिलं आहे. ते लोक खोटारडे नव्हते, त्यांना बिल्डरने तसं सांगितलं होतं.

साफ करण्याआधी प्रत्येक चेंबरचा फोटो काढा, भरलेल्याचा आणि कोरड्याचाही. चोकअप निघाल्यावर काय बाहेर आलं त्याचाही काढा. घाण वाटते, पण पुढे हाच पुरावा असतो.

तुकड्याप्रमाणे वाटणी

नियम साधा आहे: तुंबलेल्या तुकड्यातून ज्यांचं पाणी जातं, त्यांनी त्या तुकड्याचा खर्च सारखा वाटून घ्यायचा.

समजा एका रांगेत सहा घरं आहेत. उतार १ नंबरकडून ६ नंबरकडे आणि तिथून रस्त्याला. प्रत्येक घरामागे एक चेंबर. साफसफाईचा खर्च ३,६०० रुपये आला. चार नंबरचं चेंबर भरलेलं आणि पाच नंबरचं कोरडं असेल, तर मधल्या तुकड्यातून १ ते ४ या घरांचं पाणी जातं. प्रत्येकी ९०० रुपये. पाच आणि सहा नंबरने काही द्यायचं नाही, कारण त्यांचं पाणी या तुकड्यात येतच नाही. अडथळा सहा नंबरच्या चेंबरपासून रस्त्यापर्यंत असेल तर सहाही घरं, प्रत्येकी ६००. आणि एखाद्या घराच्या गली ट्रॅपपासून (घराबाहेरची जाळीची कुंडी, जिथे घरातलं सांडपाणी आधी पडतं) त्याच्या चेंबरपर्यंतचाच पाइप तुंबला असेल तर ज्याचं त्याने बघावं.

यावर १ नंबरवाले म्हणतात, "म्हणजे प्रत्येक वेळी आम्ही आहोतच!" हो, आहातच, कारण सगळ्यात जास्त लांबीची लाइन तुम्ही वापरता. सहा नंबरच्या अंगणाखालून पाच घरांचा मैला जातो, तो वास आणि ती जोखीम त्यांनी वर्षानुवर्षं सोसलेली असते. त्यांच्याकडून वरच्या तुकड्याचे पैसे मागणं मला अजिबात योग्य वाटत नाही.

हा नुसता माझा न्याय नाही, कायद्याचा विचारही याच दिशेने जातो. १८८२ चा इझमेंट ॲक्ट, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, आजही लागू आहे. दुसऱ्याच्या जमिनीखालून आपलं सांडपाणी नेण्याचा हक्क हा त्यातलाच. कलम २५ सांगतं की असा हक्क वापरण्यासाठी आणि टिकवण्यासाठी लागणारा दुरुस्तीचा खर्च हक्क वापरणाऱ्याने करायचा. कलम २४ प्रमाणे त्या दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जागेत जाता येतं, आणि कायद्यातल्या उदाहरणात स्पष्ट आहे की पाइप दुरुस्त करायला खणलं तर जमीन पूर्ववत करून द्यायची. कलम २६ तर जास्तच महत्त्वाचं: दुरुस्ती न केल्यामुळे त्या शेजाऱ्याच्या जागेचं नुकसान झालं तर भरपाईही हक्क वापरणाऱ्याने द्यायची. चार नंबरचं चेंबर ओसंडलं, पाच नंबरच्या मागच्या खोलीत घाण शिरून फर्निचर खराब झालं, आणि वरच्या चौघांना तक्रार माहीत असून ते गप्प बसले, तर प्रश्न ९०० रुपयांवर थांबत नाही.

मात्र पाच नंबरवाल्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही पैसे देणं लागत नसाल, पण अडवूही शकत नाही. "आमच्या अंगणात कोणी यायचं नाही" असं म्हणता येत नाही. येण्याआधी विचारून, वेळ ठरवून यावं आणि काम झाल्यावर जागा धुऊन द्यावी, एवढं मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चेंबरवर स्वतःच टाइल बसवली असेल तर ती फोडून पुन्हा बसवण्याचा खर्च, माझ्या मते, बसवणाऱ्याचा. झाकण मोकळं ठेवलं असतं तर तो खर्च झालाच नसता.

एकाचीच चूक असेल तर

सारखी वाटणी ही वापरामुळे होणाऱ्या तुंबण्यासाठी आहे. कारण एकाच घराचं आहे हे दिसत असेल तर त्याने एकट्याने भरावं. फरशी बसवताना गवंड्याने उरलेला सिमेंटचा माल मोरीत ओतला, तो पाइपात घट्ट झाला. कुंपणालगत लावलेल्या झाडाची मुळं जुन्या चिनीमातीच्या पाइपाच्या सांध्यातून आत गेली, मग बाहेर येतो तो ओल्या केसांच्या गुंतवळासारखा काळा झुपका. खानावळ किंवा डब्यांचा व्यवसाय असेल तर पाइपाच्या आतून तेलाचा पांढरट, साबणासारखा थर निघतो. या तिन्ही गोष्टी फोटोत ओळखू येतात.

पण इथे जपून. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स निघाले की लगेच "त्यांच्याकडे लहान मूल आहे", "त्यांच्याकडे मुली राहतात" अशी बोटं दाखवणं सुरू होतं. पॅड कोणाचं हे कोणीही सांगू शकत नाही, आणि एखाद्या घरातल्या बायकांना गल्लीत उभं करून विचारणं लाजिरवाणं आहे. तिथे सारखी वाटणी करा आणि सगळ्या घरांना एक निरोप द्या: कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात नाही.

वारंवार, अगदी दोन-तीन महिन्यांनी तोच तुकडा तुंबत असेल तर साफसफाईवर पैसे घालवू नका. पाइप खचला असेल किंवा उतार गेला असेल. जुना ठोकताळा असा की चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंची पाइपाला साठ फुटांत एक फूट उतार हवा. प्लंबरला दोन्ही चेंबरच्या तळाची पातळी पाणी भरलेल्या नळीने मोजायला सांगा. बदलायची वेळ आली तर वाटणीचा नियम तोच, रक्कम मोठी. घराचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील आणि प्रकल्प रेराखाली, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली, नोंदलेला असेल तर आधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार पाच वर्षांत दाखवून दिलेला कामातला दोष त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

सोसायटी, अपार्टमेंट, भाड्याचं घर

वसाहत किंवा इमारत नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर वरची वाटणी बाजूला ठेवा. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थांच्या नमुना नियमावलीत, संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, त्यात ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टँक दोन्ही येतात. म्हणजे उभा सामाईक पाइप, खालची चेंबरं, आवारातली लाइन हे सगळं संस्थेच्या दुरुस्ती निधीतून. तुमच्या फ्लॅटच्या आतलं, नहाणी ट्रॅपपासून (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यापासून) उभ्या पाइपाला मिळेपर्यंतचं, तुमचं. तळमजल्यावरच्या सभासदाने "तुमच्या बाथरूममध्ये आलंय, तुम्ही बघा" हे सेक्रेटरींचं उत्तर मान्य करू नये. लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

अपार्टमेंट म्हणून घोषणापत्र केलेलं असेल, तर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्टप्रमाणे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने होतो, सारखा नाही. मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त येतो. कित्येकांना आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट हेच ठाऊक नसतं. खरेदीखत आणि घोषणापत्र काढून बघा.

भाडेकरूने दैनंदिन वापरातला साधा चोकअप काढावा, पण पाइप खराब असेल तर तो मालकाचा विषय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही तो हलला नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून ती रक्कम भाड्यातून वळती करू शकतो, मात्र वर्षाच्या एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

काम कोणाकडून करून घ्यायचं

इथे मी कोणाचंच ऐकून घेत नाही. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. कितीही उथळ वाटलं तरी, "पाचच मिनिटांचं काम आहे" असं तो स्वतः म्हणाला तरी, आणि मशीनच्या निम्म्या पैशांत करून देतो म्हणाला तरी. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे असं धोकादायक काम करायला लावणं हा गुन्हा आहे आणि तो फक्त महापालिकेला नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागू होतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाला तर भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. प्रमाण वाढलं की त्याचा वाससुद्धा कळेनासा होतो, माणूस ओरडायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. शेजारी पैसे वाचवायचा आग्रह धरत असेल तर स्पष्ट सांगा की असं काम होणार असेल तर मी यात नाही, आणि होऊही देणार नाही.

वरून बांबूच्या कामट्या किंवा स्प्रिंगचे रॉड घालून बहुतेक साधे चोकअप निघतात. न निघाल्यास जेटिंग मशीन, म्हणजे जोराने पाणी मारून पाइप मोकळा करणारी गाडी. बऱ्याच महापालिका ठरावीक फी भरून खासगी लाइनसाठीही गाडी देतात, आधी वॉर्ड ऑफिसला विचारा. खासगी गाडी बोलावली तर दर तासाचा आहे की फेरीचा, मैला कुठे नेऊन टाकणार आणि पावती मिळणार का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्या. पावतीवर "चेंबर क्र. ४ ते ५" असं लिहून घ्या. या एवढ्याशा शब्दांमुळे पुढची वाटणी सोपी होते.

तरीही कोणी पैसे देत नसेल तर

आधी काम उरकून घ्या. घाण साचलेली ठेवून तत्त्वावर भांडू नये, घरात म्हातारी माणसं आणि मुलं असतात. फक्त काम सुरू करण्याआधी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवा: कुठे अडलंय, अंदाजे खर्च किती, प्रत्येकाचा वाटा किती, आणि हे पैसे मी सर्वांच्या वतीने भरतो आहे, नंतर परत द्यायचे आहेत. हे शेवटचं वाक्य विसरू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० असं आहे की कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करायचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा. फुकट केलं नव्हतं, हे त्या निरोपातून दिसतं.

मग पावती आणि फोटो जोडून स्पीड पोस्टाने एक साधं पत्र पाठवा. वकिलाची भाषा नको. एवढ्यावरही जमलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरण म्हणून अर्ज करता येतो, लोकअदालतीत अशी शेजाऱ्यांची प्रकरणं बसवून मिटवली जातात. नऊशे रुपयांसाठी दिवाणी दावा लावू नका. सोसायटीत असाल तर थकबाकी म्हणून संस्थेलाच उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो.

या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे लाइन वाहती असताना, कोणी कोणावर चिडलेलं नसताना, एक पानभर लिहून सगळ्यांच्या सह्या घेणं. आमच्या रांगेत असंच केलंय. मजकूर हवा तर असा घ्या:

"आम्ही खाली सह्या करणारे घर क्र. १ ते ६ चे मालक मान्य करतो की मागील बाजूची ड्रेनेज लाइन सामाईक आहे. तुंबलेल्या तुकड्यातून ज्या घरांचे पाणी जाते ती घरे साफसफाई व दुरुस्तीचा खर्च समान वाटून घेतील. एका घराच्या बांधकामामुळे, झाडामुळे किंवा व्यवसायामुळे नुकसान झाल्याचे दिसल्यास तो खर्च त्या घराचा. चेंबरवर कायमचे बांधकाम कोणी करणार नाही व कामासाठी आगाऊ कळवल्यावर प्रत्येक घर प्रवेश देईल. चेंबरमध्ये माणूस उतरवला जाणार नाही. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, पूर्ण लाइन मशीनने साफ केली जाईल, त्याचा खर्च सहाही घरे समान देतील."

मे महिन्याच्या साफसफाईला तुकड्याचा हिशोब लावू नका, ती सगळ्यांची समान ठेवा, नाहीतर सहा नंबरवाले सही करतील पण एक नंबरवाले करणार नाहीत. कागदामागे लाइनचा हाताने काढलेला नकाशा जोडा: चेंबर कुठे, पाइप किती इंची, उतार कुठल्या दिशेला, कोणतं चेंबर कोणत्या फरशीखाली. एकेक झेरॉक्स प्रत्येक घरी. घर विकलं गेलं तर नव्या मालकाकडून ताबा घेतानाच सही घ्या आणि त्यांना तो नकाशा प्रत्यक्ष मागे फिरवून दाखवा.